शेजारदोष

भामाक्काचा नियम होता: आधी शिव्या, मग पाणी. रडायचं असेल तर ते घरी जाऊन, आणि तेही कुकर लावल्यावर, म्हणजे वेळ फुकट जात नाही.

मी पद्मजा येमुल. सोलापूरच्या बाहेर माळावर काचेचा एक चौकोनी डबा उभा आहे, त्यात आम्ही अठराजणी बसतो आणि पाच जिल्ह्यांचे आणीबाणीचे फोन घेतो. कुणाच्या छातीत कळ आली, कुणी विहिरीत पडलं, कुणाचं बाळ निळं पडलं, की पहिला आवाज आमच्या कानात येतो. गाडी पोचेपर्यंतचा मधला वेळ आमचा. हात कुठं ठेवायचा, किती दाबायचं, मान कुठल्या कुशीला वळवायची, ते आम्ही सांगत राहतो. मग गाडी येते आणि फोन कट होतो. पुढं काय झालं ते आम्हाला कुणी कळवत नाही. माणूस राहिला की गेला हे न कळता पुढचा फोन उचलायचा, हे आमचं काम. एरवी आम्हीही माणसंच आहोत.

भामाक्का, म्हणजे सत्यभामा गवंडी, माझ्या डाव्या हाताला बसायची. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, आवाज असा की फोन न लावताही अक्कलकोटला ऐकू जावा. कुणाचा वाईट फोन संपला की ती आपली खुर्ची फरशीवरनं खर्रकन ओढायची, त्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि खालच्या पट्टीत सुरू व्हायची. उघडी वायर तशीच सोडून गेलेल्या वायरमनला. साप चावल्यावर सुनेला आधी मांत्रिकाकडं नेणाऱ्या सासऱ्याला. खड्डे नुसते कागदावर बुजवणाऱ्या कंत्राटदाराला.

"मढं बसवलं त्याचं. पटकी येऊ दे मुडद्याला. त्याच्या जेवणात रोज खडा लागू दे, आणि तोही त्याच दाढेला."

अशी ती दुसरीच्या वतीनं पेटायची, आणि जिचा फोन होता ती हळूहळू विझायची. मग पाणी. मग पुढचा फोन.

आठ वर्षं आमचं हे असं चाललं होतं. त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं, म्हणून ते टिकलं होतं.

मग पट्टा आला.

मनगटावर बांधायचा, राखाडी रबराचा, आतल्या बाजूला हिरवा दिवा. तो घेऊन ऋतुजा मॅडम आल्या. त्या आमच्या स्वास्थ्य अधिकारी. तिशीतल्या, मऊ आवाजाच्या, प्रत्येकीला नाव घेऊन ताई म्हणणाऱ्या. बाई वाईट नव्हत्या. असत्या तर बरं झालं असतं, शिव्या तरी कामी आल्या असत्या.

त्यांनी समजावलं ते मला चांगलं समजलं, कारण ते खरं होतं. हृदय घड्याळासारखं एका मापात टिकटिकत नाही. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमी-जास्त होत असतं. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात. बाजारहाट करून येणाऱ्या बाईसारखी ऐसपैस चाल. भीती वाटली की ही चाल जाते आणि ठोके कवायतीसारखे एका अंतरावर पडायला लागतात. त्याच वेळी मनगटाला बारीक घाम सुटतो आणि त्या घामात ताणाचं रसायन उतरतं. पट्टा हे सगळं मोजायचा. धक्का बसल्यापासून शरीर पुन्हा आपल्या चालीवर यायला किती वेळ घेतं, त्यावरून एक आकडा काढायचा. त्याचं नाव सावरांक. लवकर सावरलात, आकडा मोठा.

इथवर शास्त्र होतं. पुढं व्यवस्थापन सुरू झालं.

फोन आला की पहिल्या दोन-तीन शब्दांवरून, बोलणाऱ्याच्या श्वासावरून, यंत्र ताडायचं की हा फोन किती वाईट असणार. आणि जिचा सावरांक त्या घटकेला सगळ्यांत मोठा, तिच्याकडं तो वळवायचं. म्हणजे ज्या बैलाची मान मजबूत, त्याच्यावरच सगळ्या गावाचं जू.

वर आकड्यांच्या तीन श्रेण्या होत्या. सक्षम, मध्यम आणि जपणूक. कायदा चांगल्या मनानं झालेला. जपणूक श्रेणीतल्या माणसाला ताणाचं काम द्यायचं नाही, दिलं तर मालकाला शिक्षा. आता बिनताणाचं काम कुठं शिल्लक आहे ते मला सांगा. बालवाडीत नाही, बँकेत नाही, रसवंतीच्या गाड्यावरही नाही. त्यामुळं मालकांनी सोपा मार्ग काढला आणि जपणूकवाल्यांना कामच देणं बंद केलं. माझ्या आतेबहिणीच्या जावेला दोन वर्षांपूर्वी ती श्रेणी मिळाली. तेव्हापासून तिला जपून ठेवलंय. लोणच्यासारखं.

आमच्या हॉलच्या दारावर नवीन फलक लागला: 'इथे प्रत्येकाला जागा आहे.' त्याच्याखाली प्रत्येकीचा रंग. माझा आकडा सगळ्यांत वर. भामाक्काचा सगळ्यांत खाली.

"बघ, मी शेवटून पहिली," ती म्हणाली. "शाळेतही अशीच होते."

जेवायच्या आधी पट्टे काढायचे, ही आमचीच पद्धत. पाच बोटांनी जेवणाऱ्याच्या मनगटावर पट्टा म्हणजे आमटीचा ओघळ थेट यंत्रात. म्हणून बेसिनजवळ एक स्टीलचं ताट असायचं आणि त्यात सगळ्यांचे पट्टे सांडग्यांसारखे पडलेले. सगळे सारखे दिसायचे. आतून बारीक अक्षरात नंबर होता, पण तो वाचायला निम्म्याजणींना चष्मा लागायचा आणि चष्मे हॉलमध्ये टेबलावर राहिलेले असायचे.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरली होती त्या सुमाराला, एकदा माझा पट्टा भामाक्कानं घातला आणि तिचा मी.

त्या दुपारी मला मंगळवेढ्याकडचा फोन लागला. नवरा बोअरच्या पेटीला चिकटला होता. बायकोनं वाळल्या लाकडानं त्याला सोडवलं होतं आणि ती आता त्याच्या छातीवर दाब देत होती. मी मोजत होते, ती माझ्यामागं मोजत होती. मधेच म्हणाली, "ताई, हात दुखायलेत ओ. थांबू का जरा?"

मी म्हणाले, "थांबू नका."

गाडी आली. फोन कट झाला. खर्रकन खुर्ची ओढली गेली आणि भामाक्काचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. त्या दिवशी पेटीला झाकण न बसवणाऱ्याच्या सात पिढ्या धुऊन निघाल्या.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा मॅडम एक छोटं निवडुंगाचं रोप घेऊन भामाक्काकडं आल्या. "सत्यभामाताई, काल तुम्हाला मोठा धक्का बसलेला दिसतोय, पण किती सुंदर सावरलात तुम्ही. श्वासाचा व्यायाम सुरू केलात ना?"

भामाक्काला काही कळलं नाही, पण रोप तिनं घेतलं. "करते की. भाकरी थापताना श्वास घेतेच."

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "पद्मजाताई, काल फोन संपल्यावर तुमचा ताण उलट चढतच गेला. बराच वेळ खाली आला नाही. घरी काही झालंय का? माझ्याशी बोलू शकता तुम्ही."

आम्ही दोघींनी एकमेकींची मनगटं पाहिली. हसून हसून भामाक्काला ठसका लागला. खरं काय ते सांगितलं, तेव्हा मॅडमनी त्या दिवसाचे आकडे रद्द केले आणि ताटावर बंदी आली. तेव्हापासून आम्ही पट्टा घालूनच जेवतो. डाव्या हातावर.

रोप मात्र भामाक्कानं परत दिलं नाही.

महिनाभरानं तिला बोलावणं आलं. मॅडमच्या खोलीचं दार उघडंच असतं, मोकळेपणा म्हणून. त्यामुळं अख्ख्या हॉलला ऐकू येत होतं.

"ताई, तुम्ही फार सोसताय. तुमचं शरीरच सांगतंय. तुमच्याकडं फोन नसतो तेव्हाही तुमचे ठोके चढलेले असतात."

"चढणारच की मॅडम. मी चिडलेली असते."

"कुणावर?"

"आज कोण आहे ते बघावं लागेल."

"राग ही ताणाचीच खूण असते, ताई. आणि ती भाषा. तिचा इतरांवर परिणाम होतो."

"होतो की. त्यासाठीच करते मी."

ऋतुजा मॅडम हसल्या. मग त्या म्हणाल्या, "आता आम्ही तुम्हाला थोडं जपणार आहोत."

तिला विसावा कक्षात हलवलं. काचेची खोली, कुंड्या, बासरी चोवीस तास. जुन्या फोनच्या नोंदींना रंग लावत बसायचं, आगीला तांबडा, पाण्याला निळा. उन्हाळा सरता सरता तिची शेवटची चाचणी होणार होती. त्यात आकडा वर आला तर हॉलमध्ये परत. नाही आला तर जपणूक, कायमची, आणि तो शिक्का काम मागायला जाल त्या प्रत्येक दारात मागं येतो.

त्याच आठवड्यात आमच्या खुर्च्या बोल्ट मारून फरशीला पक्क्या केल्या. प्रत्येकीला तिचा वैयक्तिक अवकाश मिळावा म्हणून.

पुढचा वाईट फोन मला आला तो करमाळ्याच्या बाजूचा. दहा-अकरा वर्षांची पोरगी, घरात एकटी, आणि तान्ह्या भावाच्या घशात काहीतरी अडकलेलं. मी सांगत होते तसं ती करत होती. "उलटा धर बाळा, पाठीवर थाप मार, घाबरू नकोस." ती घाबरत नव्हती. ती फार शहाण्यासारखं सगळं करत होती, आणि शेवटी तिनं विचारलं, "आता?" तेवढ्यात गाडीवाल्यांचे आवाज आले आणि फोन कट झाला.

मी डावीकडं पाहिलं. रिकामी खुर्ची, चार बोल्ट. मनगटावर पट्टा थरथरला आणि त्यावर एक हिरवं पान उमटलं. 'श्वास घ्या.'

जी ती आपापल्या अवकाशात होती.

त्या दिवशी घरी मी कढईचं झाकण आपटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माझा नवरा श्रीनिवास मोटारी रिवाइंड करतो, त्याला जळलेल्या तारेचा वास लांबनं येतो. तो म्हणाला, "पूर्वी तू घरी येऊन सांगायचीस, आज भामाक्का कुणाला काय म्हणाली. आपण जेवता जेवता हसायचो. आता नुसतं झाकण बोलतंय."

"मला बरं वाटत नाही," मी म्हणाले.

"आकडा तर सगळ्यांत वर आहे म्हणं तुझा."

तो खाली यायला लागलाच होता. माझाच नाही, सगळ्यांचा. आमच्यातली नागमणी फोन संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसायला लागली. दोघीजणींनी नोकरी सोडली. कंपनीनं तज्ज्ञ बोलावले, त्यांनी पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की ऊन फार आहे. मग अजून कुंड्या आल्या. बासरी हॉलमध्येही सुरू झाली.

मी मात्र गटप्रमुख झाले. गाव बुडताना जे घर जरा उंचावर असतं, त्याला बंगला म्हणतात, तसं.

गटप्रमुखाचं पहिलं काम मला मॅडमनी प्रेमानं सांगितलं. "सत्यभामाताईंना चाचणीला तुम्हीच घेऊन या. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. दार लावलं की झालं, बाकी सगळं आपोआप होतं."

कॅन्टीनमध्ये भामाक्का भेटली. ती वाळली नव्हती की रोडावली नव्हती. तिचा आवाज बारीक झाला होता, तेच मला जास्त लागलं.

"बासरी ऐकून ऐकून मला झोपेत गाई दिसायलेत," ती म्हणाली.

"चाचणीचं काय गं अक्का?"

"काय असणार. आत बसवणार, कुणाचातरी फोन ऐकवणार. मी चिडणार. शेजारी कुणी नसतं गं, चिडून करायचं काय? तो राग अंगातच फिरत बसतो." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "शिक्का बसला की पोरगा म्हणणार पुण्याला ये. त्याच्या तेराव्या मजल्यावर मी कुणाशी भांडू? तिथं लिफ्टसुद्धा 'कृपया' म्हणते."

चाचणीची खोली लावायला कंपनीनं मिहीर नावाचा एक इंजिनिअर पाठवला होता. सरळ मुलगा. माझ्याच टेबलावर जेवायला बसला. मी त्याला शेंगाचटणी वाढली, त्यानं ती भाकरीवर पसरून डोळे मिटले. मग मी जानेवारीपासून मनात ठेवलेलं विचारलं.

"आमचे पट्टे एकदा बदलले होते. फोन माझा होता, पण भामाक्काच्या हातातला पट्टा चढला आणि चढलेलाच राहिला. ते कसं काय?"

"तो शेजारदोष," तो खाता खाता म्हणाला.

"म्हणजे?"

त्यानं टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून दोन रेघा काढल्या, एक खाली येणारी, एक वर जाणारी. "भिंतीवर एकाच फळीला दोन लंबकाची घड्याळं टांगली ना, तर काही वेळानं ती एकाच तालात हलायला लागतात. फळीतनं एकाचा झोका दुसऱ्याला लागतो. माणसांचंही थोडंफार तसंच. जवळ बसलं की श्वास एकमेकांकडं सरकतात, ठोके सरकतात. रडणारं मूल छातीशी धरलं की ते शांत होतं, तेच. पण तुमच्या हॉलमध्ये त्याहून मजेशीर दिसलं, अगदी पहिल्या महिन्यात. तुमच्यापैकी कुणाचीही रेघ खाली यायला लागली की त्याच क्षणी सत्यभामाताईंची वर जाते. दर वेळी. जणू भरलेली घागर एकीच्या डोक्यावरनं दुसरीच्या डोक्यावर."

मी त्या दोन ओल्या रेघांकडं बघत राहिले. उन्हाळ्यामुळं त्या वाळत होत्या.

"म्हणजे मी सावरत नव्हते," मी म्हणाले. "ती सावरत होती मला."

"तसं म्हणता येईल."

"आणि हे मॅडमना माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे, ताई. मोजमापात भेसळ येते ना. म्हणून तर खुर्च्या पक्क्या केल्या. चाचणीही म्हणून बंद खोलीत. आत दुसरं माणूस आलं तर ती आपोआप रद्दच होते." मग माझा चेहरा बघून तो जरा ओशाळला. "आकडा माणसाला देता येतो. दोघी मिळून बसतात त्या बाकाला नाही देता येत. बाक कुणाच्या नावावर लावायचा? अजून जरा चटणी असेल तर..."

मी डब्याचं झाकण लावलं. त्याची उरलेली भाकरी त्यानं कोरडी खाल्ली.

मॅडमकडं गेले तेव्हा माझ्या मनगटावरचं पान आधीच लाल झालं होतं. मी उभ्यानंच विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"पद्मजाताई, तुम्ही माझ्या जागी बसून बघा. ही बाई आठ वर्षं सतराजणींचा ताण स्वतःच्या अंगावर घेते. हे तिच्या हृदयाला परवडणारं आहे का? कुणीतरी तिला वाचवायला नको?"

आणि या बाबतीत बाई खरं बोलत होत्या. त्याचाच मला जास्त राग आला. आम्ही सतराजणी होतो. भामाक्काचा स्वतःचा वाईट फोन संपला की तिच्या गुडघ्याला गुडघा लावून कोण बसत होतं? तिला लागत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. ती स्वतःच पाणी पिऊन यायची आणि दुसरीकडं खुर्ची ओढायची.

"मग तिच्या शेजारी कुणी बसायचं ते ठरवा ना," मी म्हणाले. "पाळ्या लावा. तिला एकटीला काचेत कशाला ठेवलंय?"

ऋतुजा मॅडमनी खरंच विचार केला. त्यांच्या कपाळावर आठी आली. मग त्या म्हणाल्या, "तसा पर्याय प्रणालीत नाहीये, ताई."

त्या दुपारी मी हॉलमध्ये प्रत्येकीच्या टेबलाशी थोडी थांबले. गटप्रमुखाला तेवढं फिरता येतं. काय करायचं ते बोलून झालं. फोन एकही चुकता कामा नये, त्यामुळं माझ्याशिवाय एका वेळी एकच उठेल, असं ठरलं. नागमणी म्हणाली, "दुसरी मी." बाकीच्यांनी माना हलवल्या. बासरी चालू होती.

चाचणीच्या दिवशी भामाक्का इस्त्रीची साडी नेसून आली. फोटो काढायला जावं तशी. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीत स्पीकर. काचेपलीकडं मॅडम आणि मिहीर पडद्यासमोर बसलेले. पडद्यावर तिची रेघ, आणि कोपऱ्यात माझीही, कारण पट्टा माझ्याही हातात होता.

भामाक्का खुर्चीत बसली. हात टेबलावर सरळ ठेवले. माझ्याकडं बघून म्हणाली, "जा गं. लाव दार."

स्पीकरमधनं मॅडमचा मऊ आवाज आला. "पद्मजाताई, दार लावून घ्या."

मी दार लावून घेतलं. आतून.

कॅन्टीनमधलं एक प्लॅस्टिकचं स्टूल मी पदराआड धरून आणलं होतं. हॉलमध्ये न हलणाऱ्या खुर्च्या असल्यावर माणूस काय करणार. ते फरशीवरनं ओढलं आणि भामाक्काच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. तिचा गुडघा थरथरत होता. हे आठ वर्षांत मला पहिल्यांदा कळलं.

"ताई, असं करू नका," मॅडम म्हणाल्या. "चाचणी रद्द होईल."

तोवर एका जुन्या फोनची नोंद वाजायला लागली होती. स्पीकरमधनं एक बाई आकडे मोजत होती, धापा टाकत, आणि तिच्या पुढं पुढं दुसरा एक आवाज मोजत होता. तो माझा होता. यंत्रानं निवडलेला सगळ्यांत वाईट फोन माझा मंगळवेढ्याचा होता.

"ताई, हात दुखायलेत ओ. थांबू का जरा?"

"थांबू नका," भिंतीतून मी म्हणाले.

भामाक्काची बोटं टेबलावर आवळली गेली. मी तिचा हात धरला आणि मला काही सुचेना. शिव्या ऐकायची सवय होती, द्यायची नव्हती.

"गप का बसलीस?" भामाक्का दातांतल्या दातांत म्हणाली. "आज तुझी पाळी आहे."

मग मी सुरुवात केली. आधी अडखळत, पेटीला झाकण न बसवणाऱ्यापासून. मग जमायला लागलं. पाच जिल्ह्यांना एवढ्याच गाड्या पुरतात असं ठरवणाऱ्याला. दहा वर्षांच्या पोरीला घरात तान्ह्या बाळाजवळ एकटं सोडायची वेळ ज्यांनी तिच्या आईबापावर आणली, त्यांना. खुर्चीला बोल्ट मारणाऱ्याला, बासरीवाल्याला, 'जपणूक' हा शब्द शोधून काढताना ज्याला स्वतःचं कौतुक वाटलं असेल त्याला. शेजाराला दोष म्हणणाऱ्याला. त्याच्या दारात कधी शेजारी उभं राहू नये, साखर संपली असताना, ताप चढला असताना, खांद्याला चौथा माणूस कमी पडत असताना. त्याचं मढं बसवलं.

"साखरेचं चांगलं होतं," भामाक्का म्हणाली. तिची बोटं सैल झाली होती.

काचेपलीकडं पडद्यावर तिची रेघ खाली येत होती आणि माझी चढत होती. मिहीर दोन्हींकडं बघत होता. वर लाल अक्षरांत पट्टी सरकत होती: 'शेजारदोष. चाचणी रद्द.'

"आपण पुन्हा घेऊ," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊच होता, पण आता त्याला कडा आली होती. "आणि पद्मजाताई, तुमची रेघ बघा. हे तुमच्या नावावर जाईल. सक्षमवरून थेट खाली याल तुम्ही. गटप्रमुखपद राहणार नाही."

"जाऊ दे नावावर."

"तुम्ही आधी शांत व्हा, प्लीज. मग बोलू."

पट्टा थरथरला. पान उमटलं. 'श्वास घ्या.' घेतला. शिवी द्यायला श्वास लागतोच.

"नाही होणार शांत," मी म्हणाले. "सावरणार नाही मी. जितक्या वेळा पुन्हा घ्याल, तितक्या वेळा इथं कुणीतरी बसलेलं असेल. यादी करू नका, सोळाजणी आहोत. ज्या दोघी सोडून गेल्या, त्यांनाही निरोप गेलाय."

मॅडमच्या मनगटावरही पट्टा होता, अधिकाऱ्यांचा, पांढरा. त्यांनी तो पटकन बाहीखाली सरकवला. त्यांच्या शेजारी मिहीर होता, पण तो आपली खुर्ची थोडी लांब घेऊन बसला होता.

भामाक्कानं पदरानं तोंड पुसलं. "आता पाणी," ती म्हणाली.

मी बाटली उघडून तिच्या हातात दिली. ती वरनं घटाघट प्यायली, इस्त्रीच्या साडीवर दोन ओघळ आले तरी थांबली नाही. माझी रेघ चढलेलीच होती. पान लाल होऊन विनवत होतं, मी त्याच्याकडं बघितलं नाही.

आम्ही उठलो नाही. पुढच्या चाचणीची तयारी करायला मिहीरनं कळ दाबली, आणि दाराबाहेर फरशीवरनं स्टूल ओढल्याचा आवाज आला. नागमणी आली होती.